निकालांची मोजदाद : असईच्या रणापासून रानड्यांच्या दप्तर-तपासणीपर्यंत

१/ जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूस आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज पलटण दुसऱ्या बाजूस, असा घनघोर संग्राम झाला. जय इंग्रजांना मिळाला, परंतु त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मृत किंवा जखमी झाले. ही हकीकत आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. आजचा थ्रेड मात्र तोफांविषयी नाही. त्या दिवशी वेलस्लीबरोबर घोड्यावर असलेल्या एका तरुण मुलकी अधिकाऱ्यापासून त्याची सुरुवात होते.

२/ त्या तरुणाचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वय चोवीसाला काही दिवस कमी. वेलस्लीचा राजकीय सहायक जॉन माल्कम आजारी पडल्यामुळे ती जागा त्याला मिळाली होती. पुढे हाच गृहस्थ पुण्याचा रेसिडेंट झाला, पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झाला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर राहिला. असईच्या रणात जिंकण्याची रीत त्याने पाहिली होती. सोळा वर्षांनी त्याच्यासमोर निराळाच प्रश्न उभा राहिला : जिंकलेल्या मुलखात न्याय कसा द्यायचा, आणि तो नीट दिला जात आहे हे ओळखायचे कसे?

३/ या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आजच्या थ्रेडचा विषय आहे. आज कोणत्याही मोठ्या कंपनीत विधी विभाग असतो. त्याच्या कामाचे मोजमाप होते : वर्षभरात किती प्रकरणे आली, किती निकाली निघाली, एका प्रकरणास सरासरी किती दिवस लागले, बाहेरच्या वकिलांवर किती खर्च झाला, उलाढालीच्या मानाने तो खर्च किती पडला. मग हेच आकडे त्याच धंद्यातील इतर कंपन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहतात; त्याला ‘बेंचमार्क’ म्हणतात. ही पद्धत नवी वाटते. पण तिच्यामागची अडचण जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भोगली एका कंपनीनेच.

४/ ईस्ट इंडिया कंपनी ही आरंभापासून व्यापारी मंडळी होती. तिचे भागधारक होते, संचालक होते, आणि लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर तिची कचेरी होती. आजच्या कंपनीचा विधी विभाग तिचे स्वतःचे करार आणि खटले सांभाळतो. ईस्ट इंडिया कंपनी तर मुलखाची न्यायालयेच चालवीत होती. हा फरक मोठा आहे, तो विसरू नये. तथापि एक गोष्ट समान होती. निर्णय घेणारा दूर बसलेला होता आणि काम चालत होते दुसरीकडे. पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून पोहोचायला कित्येक महिने लागत. संचालकांना हिंदुस्थानातील न्याय दिसत असे तो कागदावरच्या तक्त्यांतून.

५/ तक्त्यातले मुख्य रकाने तीन : दाखल दावे, निकाली दावे, शिल्लक दावे. ही मोजणी निरुपयोगी नव्हती. शिल्लक वाढत चालली, तर कोठेतरी काम अडले आहे हे आकड्यावाचून कळणार कसे? बंगालमध्ये हे फार लवकर कळले. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ साली तेथे नवी न्यायव्यवस्था बसवली आणि दाव्यावरील शुल्क काढून टाकले. न्याय स्वस्त असावा, हा हेतू चांगलाच होता. लोकांनी कंपनीच्या न्यायालयांत गर्दी केली. दोन वर्षांत एकट्या बर्दवान जिल्ह्यात तुंबलेल्या दाव्यांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. आज दावा लावणाऱ्यास हयातीत निकाल मिळेल की नाही, अशी शंका सरकारी कागदांतच व्यक्त झाली.

६/ आता उपाय काय करावा? न्यायाधीश वाढवता आले असते, कार्यपद्धती सोपी करता आली असती. परंतु त्याला पैसा लागतो. १७९५ साली, सर जॉन शोअर गव्हर्नर-जनरल असताना, सोपा मार्ग निवडण्यात आला : शुल्क पुन्हा बसवले. एवढेच नव्हे, तर आधीपासून पडून असलेल्या दाव्यांवरही ते लागू केले आणि मुदतीत न भरल्यास दावा फाइलीवरून काढून टाकण्याची तरतूद केली. शिल्लक रकान्यातील आकडा उतरला. ज्याला मुदतीची खबर नव्हती किंवा ज्याच्या गाठी पैसा नव्हता, त्याचे भांडण मात्र जिथल्या तिथे राहिले. ते फक्त मोजणीतून बाहेर पडले.

७/ पुढे गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याने, म्हणजे असईच्या सेनापतीच्या थोरल्या भावाने, १८०१ च्या सुमारास बंगालमधील न्यायाधीशांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. न्याय कसा चालला आहे, लोक समाधानी आहेत काय, असे त्यात विचारले होते. आलेल्या उत्तरांपैकी बरीच १८१२ सालच्या पार्लमेंटरी समितीच्या ‘पाचव्या अहवाला’सोबत छापली गेली. खटल्याचा खर्च गरिबाला झेपत नाही, ही कबुली त्यांत आढळते. म्हणजे तक्त्याने लपवलेली गोष्ट न्यायाधीशांना ठाऊक होती. तिला रकाना नव्हता, म्हणून ती कोणी विचारीपर्यंत तक्त्यात आली नाही.

८/ ही बंगालची कथा एल्फिन्स्टनला चांगली माहीत होती. त्यामुळे १८१८ साली पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर बंगालचा नमुना तसाच येथे आणण्याची घाई त्याने केली नाही. त्याने आधी चौकशी केली. पुण्यास कॅप्टन रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडकडे चॅप्लिन आणि साताऱ्यास ग्रँट डफ असे अधिकारी नेमले होते. त्यांच्याकडून आलेल्या माहितीवर त्याने ऑक्टोबर १८१९ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. पेशव्यांच्या काळी भांडणे कशी मिटत, याचे त्यातील वर्णन आजही वाचण्याजोगे आहे.

९/ ती रीत थोडक्यात अशी. मुलकी तंट्याचा मुख्य आधार पंचायत. वादी-प्रतिवादी ‘आम्ही पंचांचा निवाडा मान्य करू’ असा राजीनामा लिहून देत (आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे; तेव्हा त्याचा अर्थ होता राजीखुशीने दिलेली संमती). जामीन घेत. दोन्ही बाजूंच्या तक्रिरी लिहून घेत, साक्षी-पुरावे पाहत, मग पंच आपले मत देत आणि त्यावर निवाडपत्र होत असे. वतनाचा तंटा असेल तर गोतसभा बसे व महजर होई. पुण्यात न्यायाधीश होते. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण सारेच जाणतो. पण गावोगावच्या बहुसंख्य भांडणांचा निकाल रामशास्त्र्यांपर्यंत जातच नसे.

१०/ एल्फिन्स्टनने या पद्धतीची भलावण केली नाही. तिचे दोष त्याने एकामागून एक मांडले. पंचांना वेतन नाही, म्हणून ते जमत नाहीत. हजर राहण्याची सक्ती करणारे कोणी नाही. काम रेंगाळते. बलवान पक्ष निकाल धाब्यावर बसवतो. लाचलुचपतीला वाव आहे. कामाचा वेग, निकालांची संख्या, अंमलबजावणी, अशा कोणत्याही मापाने पाहिले तर पंचायत अनुत्तीर्णच ठरली असती.

११/ आणि तरीही याच अहवालात त्याने एक अडचणीचा प्रश्न स्वतःला विचारला. इतके दोष असूनही मराठ्यांचा मुलूख भरभराटीचा दिसतो, आणि कंपनीच्या अधिक व्यवस्थित राज्यात आढळणाऱ्या काही दुखण्यांपासून लोक मुक्त दिसतात. तेव्हा या व्यवस्थेत दोषांची भरपाई करणारे काहीतरी असलेच पाहिजे. त्याच्या मते ते असे होते : सरकारने न्याय देण्यासाठी फारसे केले नाही, पण लोकांना तो आपापसांत मिळवण्याची साधने ठेवली. पंच गावातलेच, कायदा सर्वांच्या ओळखीचा, भाषा घरची. या तिन्ही गोष्टींना तक्त्यात रकाना नव्हता.

१२/ म्हणून त्याने पंचायत टिकवण्याचा प्रयत्न केला. पण एकदा नव्या राज्याचा आधार आला की जुन्या संस्थेचे बळ कमी होत जाते. पूर्वी जात-गोत, पाटील, देशमुख यांचा दबाव पंचायतीच्या पाठीशी होता. सावकाराला तगादा लावण्याची, ऋणकोच्या दारी धरणे धरून बसण्याची मुभा होती. कंपनीने ती मुभा आवरली आणि अंमलबजावणी स्वतःकडे घेतली. मग लोक साहजिकच जेथे शिपाई आणि शिक्का आहे तेथे जाऊ लागले. विनावेतन पंचांना तर जमण्याचे कारणच उरले नाही. चॅप्लिनने कमिशनर या नात्याने १८२२ साली अहवाल दिला, तेव्हा पंचायतीच्या दिरंगाईची तक्रार पुढे आलीच.

१३/ १ जानेवारी १८२७ रोजी मुंबई इलाख्याची सत्तावीस रेग्युलेशने मंजूर झाली. त्यांनाच पुढे ‘एल्फिन्स्टन कोड’ म्हणू लागले. त्यांत देशाचा रिवाज आणि प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा यांना स्थान होते. त्यासाठी आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रहही केला. पण न्यायाचा कणा आता लेखी दावा, ठरावीक न्यायाधीश आणि ठरावीक नोंदवही हा होता. नोंदवहीत आलेला तंटा मोजला जाई. पिंपळाच्या पारावर मिटलेला तंटा मोजला जात नसे. ज्याची मोजणी होते त्याचीच सुधारणा होते, हा नियम येथे शांतपणे लागू झाला.

१४/ आता तीसेक वर्षे पुढे येऊ. १८५९ साली दोन कायदे झाले. एकाने दिवाणी कामकाजाची पद्धत एकसारखी केली. दुसऱ्याने मुदतीचा कायदा कडक केला. साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू असा की जुनीपुराणी कर्जे उकरून काढू नयेत. प्रत्यक्षात तीन वर्षे भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज मिळवून नवे खत लिहून घेई, आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. त्यातच अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव कडाडले. पतही वाढली, कर्जही वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज तेवढे राहिले.

१५/ या काळातील दिवाणी न्यायालयाचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. दावे भराभर येत आहेत आणि भराभर निकाली निघत आहेत. निकाली निघण्याचे मुख्य कारण सोपे होते : प्रतिवादी हजरच होत नसे. समन्स बजावल्याची नोंद झाली, कुणबी तालुक्याच्या गावी आला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला, प्रकरण संपले. ना साक्ष, ना उलटतपासणी, ना कर्जाचा हिशेब. कमी वेळात, कमी खर्चात, जास्त निकाल. आजच्या एखाद्या विधी विभागाच्या वार्षिक आढाव्यात हे आकडे हिरव्या रंगात झळकले असते.

१६/ १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर कमी होता. त्यांना हवे होते कागद : खते, रोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळले जात. या जाळपोळीकडे आपल्या विषयाच्या अंगाने पाहिले, तर ती एका प्रकारची टीकाच होती. न्यायालयाने ‘निकाली’ म्हणून जे प्रकरण मिटलेले धरले होते, ते शेतकऱ्याच्या दृष्टीने मिटलेले नव्हतेच.

१७/ सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७६ साली त्याचा अहवाल आला. कर्जाच्या दाव्यांपैकी फार मोठा भाग एकतर्फी निघतो, ही गोष्ट आता अधिकृतपणे पुढे आली. लक्षात घ्या, ती माहिती न्यायालयांच्याच दप्तरांत होती. नवा आकडा जमवावा लागला नाही. जुन्याच आकड्याचे पोट फोडून पाहावे लागले : ‘निकाली’ यातले ऐकून निकाली किती आणि न ऐकता निकाली किती? ज्या दिवशी रकान्याचे असे दोन भाग झाले, त्या दिवशी कार्यक्षमतेचा अर्थच पालटला.

१८/ यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने केवळ खतावरचा आकडा न पाहता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, प्रतिवादीची जबानी घ्यावी, हप्ते बांधून द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. कर्जापायी तुरुंगवास बंद झाला. गावपातळीवर खते नोंदवण्यासाठी निबंधक आले, तंटे आपसात मिटवण्यासाठी सलोखेकार आले. एल्फिन्स्टनची पंचायत साठ वर्षांनी मागच्या दाराने परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

१९/ या कायद्यातील आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद होती विशेष न्यायाधीशाची. खालच्या न्यायाधीशांच्या कामाची तपासणी करणे, त्यांची निकाली प्रकरणे उघडून पाहणे, आणि अन्याय झालेला दिसल्यास ती सुधारणे, हा त्याचा अधिकार. १८८१ पासून महादेव गोविंद रानडे या विशेष न्यायाधीशाचे सहायक होते, आणि १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. १८९३ साली उच्च न्यायालयात नेमणूक होईपर्यंत हे काम त्यांच्याकडे होते. या काळातील गावोगावच्या फिरतीचे चित्र रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या पुस्तकात भेटते.

२०/ ही फिरती म्हणजे काय, याचा विचार करा. तक्ता पुण्यात बसूनही वाचता आला असता. कायद्याने मात्र तपासणाऱ्याला दप्तरापर्यंत जायला सांगितले होते. आकडा कोठे शंका घ्यावी हे दाखवतो. शंका खरी की खोटी, हे प्रकरणाची फाइल उघडल्यावाचून ठरत नाही. एखाद्या न्यायालयात निकाल फार झपाट्याने लागत असतील तर ते चांगले असेल किंवा वाईट असेल. वीस फाइली वाचल्या की कळते. मोजमाप आणि तपासणी यांची ही सांगड दख्खनमध्ये कायद्याच्या जोरावर घातली गेली, ही आपल्या प्रदेशाच्या प्रशासकीय इतिहासातील मोलाची गोष्ट आहे.

२१/ ही कथा इथेच संपवली तर ती फार गोड होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याचा रोख कर्ज आणि गहाणावर होता. तेव्हा काही सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, मनात गहाण. सलोखेकाराचा दाखला हाही पुष्कळ ठिकाणी दावा लावण्यापूर्वीचा एक उपचार होऊन बसला. म्हणजे नव्या मापालाही नवी पळवाट सापडली. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट याने १९७५ साली, सुप्याच्या दंग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, चलननीतीच्या संदर्भात हाच धोका मांडला. आकड्यावर दाब आला की तो विश्वासार्ह राहत नाही, असा त्याचा आशय.

२२/ मग या सगळ्यात जालना कोठे होते? गोदावरीच्या अलीकडे. दक्षिण तीरावरील शेवगाव-नेवासे नगर जिल्ह्यात, तेथे १८७९ चा कायदा. उत्तर तीरावर निजामाचे राज्य, तेथे तो नाही. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या जिल्हाबंदीने प्रशासनाची घडी बसवली आणि जालना औरंगाबाद जिल्ह्यात राहिले. तेथेही न्यायालये होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भाषा उर्दू झाली. अंबडच्या मराठी शेतकऱ्याला आपलाच हुकूमनामा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असेल, तर तो ‘निकाल’ त्याच्यासाठी किती पूर्ण होता? दाखल, निकाली, शिल्लक या तीन रकान्यांत हा प्रश्न मावत नाही.

२३/ १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तरी उच्च न्यायालयासाठी जालन्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. मुंबईच्या एका खेपेचा खर्च, बुडालेली मजुरी, धर्मशाळेतला मुक्काम, यांची बेरीज कोणत्याही न्यायालयीन तक्त्यात नव्हती. खंडपीठाच्या मागणीमागे मात्र हीच न मोजलेली बेरीज होती.

२४/ आता आजच्या कंपन्यांकडे वळू. १९९२ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने आपल्या विधी विभागाची फेररचना केली. साडेतीनशेच्या आसपास वकिली संस्थांऐवजी मोजक्या पस्तीस-चाळीस संस्थांशी दीर्घ संबंध ठेवले आणि खर्च, कालावधी, परिणाम यांचे मोजमाप सुरू केले. ही पद्धत पुढे पुष्कळ कंपन्यांनी उचलली. त्यात गैर काही नाही. आंधळेपणाने पैसा खर्च करण्यापेक्षा मोजून केलेला बरा. पण प्रश्न तोच राहतो. ‘शंभर प्रकरणे मिटली’ याचा अर्थ शंभर वाद सुटले, की शंभर माणसे थकून घरी गेली?

२५/ जालन्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. हे शहर पोलाद आणि बियाण्यांचे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही संकरित बियाण्यांची कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या धंद्यात शेतकरी आणि कंपनी यांचे नाते करारांनी बांधलेले असते. बियाणे सदोष निघाल्यास शेतकरी ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले. असा दावा कोणत्याही कंपनीच्या तक्त्यात एक ओळ असतो. ज्याने तो लावला, त्याचा मात्र एक हंगाम असतो.

२६/ २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक विदा जालावर जिल्हावार प्रलंबित प्रकरणांचे आकडे कोणालाही पाहता येतात. जालन्याचेही दिसतात. एल्फिन्स्टनला जे महिनोन्‌महिने मिळत नसे ते आपल्या हातातल्या फोनवर आहे. जरूर पाहा. पाहताना बर्दवान आठवा : शिल्लक कमी झाली ती कशाने? सुपे आठवा : निकाली निघाले त्यांत ऐकून किती, न ऐकता किती? आणि अंबडचा शेतकरी आठवा : निकाल ज्याच्यासाठी झाला, त्याला तो कळला का?

२७/ शेवटी एक विनंती. पुष्कळ घरांत, पेटीच्या तळाशी, जुने कागद असतात : खत, निवाडपत्र, हुकूमनामा, कोर्टाची नक्कल. मोडी किंवा उर्दू असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. तो कागद कधीकाळी कोणत्यातरी तक्त्यात ‘निकाली’ या रकान्यात एक रेघ म्हणून मोजला गेला होता. त्या रेघेमागे काय घडले, जमीन राहिली की गेली, भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले की नाही, हे तुमच्या घरातल्या थोरांना कदाचित अजून ठाऊक असेल. विचारून ठेवा, लिहून ठेवा. तेवढा रकाना कोणत्याही कचेरीने भरलेला नाही.

(थ्रेड समाप्त)